गणपूर्ती

झेरॉक्सच्या दुकानात, 'रूम भाड्याने' आणि 'घरगुती मेस' यांच्या मधल्या फटीत
मी चिठ्ठी डकवली:
मित्र पाहिजेत. अनुभवाची अट नाही.
खाली माझा नंबर. त्यातला एक आकडा चुकला,
हे महिन्यानं कळलं.
तरी तिघं आले. दुकानापाशी उभे होते.

मुदस्सिर, ज्याच्या मोबाइलवर एका जपानी कार्टूनचे बारा भाग,
त्यात अशीच एकटी पोरं मंडळ काढतात, मैत्री शिकायला.
दैवशाला केंद्रे, जी नाव विचारलं की आडनाव सांगून थांबते.
आणि मन्मथ बिराजदार, जो कशाला आला ते त्यानं सांगितलं नाही;
बहुतेक झेरॉक्स काढायला.

उदगीरच्या आमच्या कॉलेजात
गुरुवारी तीननंतर भूगोलाची खोली रिकामी.
अध्यक्ष व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून पृथ्वीगोल अध्यक्ष.
मी सचिव. इतिवृत्त माझ्याकडं.

सभा पहिली. विषय: हाक कशी मारावी.
खुर्ची समोर ठेवून सराव केला.
'काय करूलालास बे?' मन्मथ खुर्चीला म्हणाला
आणि उत्तराची वाट बघत इतका वेळ थांबला
की खुर्चीच्या वतीनं आम्हालाच लाज वाटली.

सभा तिसरी. कार्टूनात तोंडात पाव धरून पळतात,
वळणावर धडकतात, ओळख होते.
आम्ही धपाटं घेतलं.
वळणावर धडकलं ते कुत्रं.
ओळख झाली, पण धपाट्याशी.

आठव्या भागात सगळे समुद्रावर जातात.
दैवशालानं अध्यक्षांना फिरवून पाहिलं: उदगीर ते समुद्र, अर्धं नखही नाही.
'मग जाऊत की,' ती म्हणाली.
आणि कुणीच हललं नाही.
विषय तहकूब.

मग येळवस आली.
त्या दिवशी सगळं उदगीर रानात असतं,
कुणाच्या ना कुणाच्या कोपीसमोर, भज्जी-आंबील ओरपत.
शेत नसलेल्याला मित्राचं शेत असतं,
असा आमच्याकडं रिवाज आहे.
आदल्या सभेत प्रत्येकानं सांगितलं, मला बोलावणं आहे.
दैवशालाला मैत्रिणीकडं. नाव विचारलं तर खिडकीकडं बघायली.
मुदस्सिरला दोन ठिकाणी. मन्मथला तीन.
मी चार सांगितली. इतिवृत्तात तशी नोंद आहे.

अकराला मी बंद झेरॉक्सच्या पायरीवर. मेसला कुलूप.
रस्त्यावर वाराच फिरत होता, तोही घाईत.
मुदस्सिर मला चुकवायला पलीकडनं गेला,
तिकडं दैवशाला होती,
तिला चुकवायला परत इकडं आला.
मग तिघंही पायरीवर,
आपण आत्ताच जेवून आलो, असं तोंड करून.

मन्मथ आला तो दोन्ही हातांत ओझं घेऊन.
एका हातात पाच लिटरची कॅन, आंबील.
दुसऱ्या हातात उंडे, भज्जी, खीर.
आईला त्यानं सांगितलं होतं, घरी येत नाही, मित्राच्या रानात चाललो.
किती जण रे? दहा.
मित्राच्या रानात रिकाम्या हातानं जायचं नसतं,
म्हणून माउलीनं अहमदपूरच्या एसटीत ड्रायव्हरपाशी डबा दिला,
दहा जणांचा.

कुणी कुणाला काही विचारलं नाही.
मुदस्सिरनं झाकणातून आंबील वाटली.
दैवशालानं सांगून टाकलं की भज्जीत मीठ कमी आहे,
मन्मथ चिडला, 'तुझ्या मैत्रिणीकडं जा मग,'
आणि ती हसली, पहिल्यांदा, ठसका लागेपर्यंत.

चौघांचं पोट भरलं. सहा जणांचं उरलं.
वर चिठ्ठी फडफडत होती. मी तोच नंबर लावला,
चुकलेला आकडा तसाच ठेवून.

मागं बैलांच्या घंटा. भरल्या तोंडानं एक म्हातारा म्हणाला,
'रॉंग नंबर हाय लेकरा.
आधी तिघांचे आलते. त्यांना म्हणलं,
दुकानापाशीच थांबा, पोरगं येतंय.
तू चौथा का?'