कळकणं

जांबोटीच्या रानातून येणारा ओढा काळपट असतो,
उकळून झालेल्या चहापुडीत पुन्हा पाणी घातल्यासारखा.
कुजका पाला, मुळं, वर्षभराचं मेलेलं गवत त्यात मुरतं.
सटुप्पा म्हणाला, "अक्का, हे कशाला भरून घेतासा?
खालच्या मोरीपाशी चला की. तळातला खडा न् खडा दिसतोय तिथं."

दोन्हीकडचं भरून घेतलं.
तिसरा कॅन अथणीकडच्या बोअरचा,
ज्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही,
आणि सोयरिकीला आलेली माणसं पहिल्या घोटालाच तोंड वाकडं करतात.

उद्यमबाग. फौंड्रीच्या मागची गल्ली.
खिडकीतली साच्यांची काळी वाळू रोज पुसते, रोज येते.
तीन काचपात्रं. एकाच पिपेटनं, एकाच हातानं
तिघांत सारखंच तांबं सोडलं:
तांब्याभर पाण्यात मिठाची अर्धी कणी पडावी, तेवढंच.
मग प्रत्येकात वीस पाणपिसवा.
त्या इतक्या आरपार, की भिंगाखाली काळीज उडताना दिसतं.
कधीकधी बघवत नाही.

दोन दिवस.
पात्र हळूच हलवायचं, मनात पंधरा आकडे मोजायचे,
तेवढ्यात पोहली नाही तर गेली असं धरायचं.
अथणीच्या पाण्यात सहा गेल्या.
काळ्या पाण्यात एकही नाही.
मोरीपाशीच्या त्या आरशासारख्या पाण्यात
वीस. पुन्हा मोजल्या.
वीस.

गुरुसिद्ध सर फॉर्म पुढं सरकवतात. कन्नडातला. एकच रकाना:
एकूण ताम्र.
"एक नंबर द्या, मेडम. तीन कसे चालतील?
परवाना एका आकड्यावर मिळतो."

मी त्यांना शहापूरची गोष्ट सांगितली.
आईची खानावळ, पितळी पातेलं,
आणि दस्तगीर कल्हईवाला त्या वर्षी उरुसाला गेला तो वेळेवर परतलाच नाही.
पातेल्यात रात्ररात्र पाणी असायचं, कुणाला काही झालं नाही.
एका दुपारी त्यातच ताक राहिलं.
हिरवट झालं. आयटीआयची चार पोरं अंगणात ओकत बसली.
पितळ तेवढंच होतं, सर. गुंजभरही वाढलं नव्हतं.
आई एकच शब्द बोलली: कळकलं.
तुमचा रकाना पातेल्याचं वजन विचारतोय.
मासा सोसतो ते कल्ल्याशी जेवढं पोचलं तेवढंच.

पाल्याचा अर्क तांब्याला धरून ठेवतो,
जुन्या येणेकऱ्यासारखा, हात सोडत नाही.
कडक पाण्यातला चुना कल्ल्याच्या दारात आधीच गर्दी करून उभा,
तांब्याला आत शिरायला धक्काबुक्की करावी लागते.
नितळ, मऊ पाण्यात कोण आहे अडवायला?
दार सताड.

सर बराच वेळ गप्प. मग स्वतःशीच,
"किलुबु. नावु किलुबु अंतीवि."
त्यांच्याही घरी ताक कळकलं असणार कधीतरी, गोकाककडं की कुठं.
पेनानं समासात तीन बारीक रेघा ओढल्या:
पाण्याचा कडकपणा. आम्लता. पाल्याचा अर्क.
वर हे कुणी मान्य करेल का, ते बोलले नाहीत.
मीही विचारलं नाही. चहा आला होता.

संध्याकाळी सटुप्पाचा फोन.
"मग चार पोती पाला आणून टाकू काय मोरीपाशी?"
हसले. नको, म्हटलं,
पाला कुजून संपतो, तांबं कुजत नाही.
तो जरा थांबला.
"आमची पोरं पवतात तिथं. पाणी चांगलं दिसतंय म्हणून."
पोरांना काही होत नाही एवढ्यानं, म्हटलं,
माशांचं बघ.

"मासं?
मासं तिथं दोन वर्सं झाली, न्हाईत की.
आमाला वाटलं, म्हणूनच पाणी एवढं निवळ ऱ्हातंय."