उळं

ऑगस्ट सरत आला की पेइप्सी सरोवरावरचं वारं
आधी बोटांना कळतं, मग कानांना.
डेंगळ्यांचे गोंडे करडे पडतात
आणि एखाद्या बोंडाला फट पडून
आतून काळा डोळा बघतो.
एक डोळा उघडला की कात्री घ्यायची.
उद्या म्हणाल तर उद्या ते मातीत सांडलेलं असतं.

वीतभर दांडा ठेवून मी कापते,
उशीच्या जुन्या अभ्र्यांत डोकं खाली करून भरते,
आणि टांगते मोठ्या चुलीच्या माथ्यावर,
जिथं हिवाळ्यात मी स्वतः झोपते.
धग बेताची हवी. तळवा ठेवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे.
साताला हात उचलावा लागला
तर बी नाही राहिलं ते, फुटाणे झाले.

कुणाला सांगतेय हे?
फेक्ला, तुला नाही.
तुझ्याशी मी बोलत नाही.

नऊ वर्षांमागे आपण एका नावेवरून भांडलो
आणि तेव्हापासून एकमेकींचं नाव घेत नाही.
(आत्ता घेतलं ते धरू नकोस.)
नाव तुझ्या दिराची की माझ्या नवऱ्याची,
ज्यांना ठाऊक होतं ते दोघे टेकडीवर आहेत,
एकाच बर्चखाली, शेजारी शेजारी, निमूट.
तिच्या फळ्यांचं मी खुराडं केलं.
कोंबड्या तिच्यात बसून अंडी घालतात,
त्यांना कुणी विचारत नाही, कुणाची म्हणून.

तुझा कांदा चपटा, माझा गोल.
मधे कुंपण, तेही माझ्या खर्चाचं.
तरी मधमाशा तुझ्याकडच्या पायांनी माझ्याकडे येत.
म्हणून मागच्या साली मी प्रत्येक गोंड्यावर
पडद्याचं जाळीदार कापड बांधलं, सुतळीच्या दोन गाठी मारून.
तुझ्या परागाचा एक कण नको होता मला.
माशा आल्या, घुटमळल्या, परत गेल्या.
शरदात तळव्यांवर चोळलं, सुपात घेतलं, फुंकर मारली,
सगळंच उडालं.
उरलं ते पाण्यात टाकलं.
जे बुडतं ते जगतं, तरंगतं ते पोचट.
एकतीस गोंडे,
आणि परातीच्या तळाशी सतरा दाणे.
मी मोजले. दिवा जवळ घेऊन पुन्हा मोजले.

यंदा कापड बांधलं नाही.
कारण सांगणार नाही.
जुलैत दोन्हीकडचे पांढरे गोंडे एकदम फुलले
आणि कुंपण अख्खं गुणगुणत होतं.

मग सप्टेंबरात तुझं खुब्याचं हाड मोडलं,
गाडी आली, तुला तार्तूला घेऊन गेली,
आणि तुझे गोंडे उभेच राहिले.
रोज दिसत होते.
फटी पडल्या, डोळे उघडले,
वाऱ्यासरशी गवतात काळं काळं सांडू लागलं.
कात्री माझ्या एप्रनच्या खिशात होती.
चार पावलं होती, फेक्ला.
मी माझ्या बाजूचे कापले आणि घरात आले.

आता खिडकीतून दिसतं, तू परत आलीस.
चार पायांच्या घोड्याला धरून अंगणात येतेस,
आडव्या झालेल्या दांड्यांकडे बघतेस.
वाकत नाहीस. वाकता येत नसणार.

इकडे माझ्या परातीत सगळं बुडालंय.
पाणी ओतून दिलं, चादरीवर पसरलं,
रोज दोन बोटांनी उलटंपालटं करते,
ज्या दोन बोटांनी क्रूस काढते त्यांनीच.
नखानं दाबलं तर खूण उठत नाही, म्हणजे वाळलं.
यातलं निम्मं तरी तुझं असेल.
कुठलं निम्मं ते मला सांगता येत नाही,
पुढल्या उन्हाळ्यात काही चपटे निघतील तेव्हा बघू.

साखरेच्या कागदाच्या दोन पुड्या बांधल्यात.
एकीवर साल लिहिलं, माझं नाव लिहिलं.
दुसरीवर नुसतं साल.

पेन्सिल तिथंच आहे, पुडीही.
कांद्याचं बी गव्हासारखं नसतं,
एका हिवाळ्यापुरती त्याची हमी,
दुसऱ्यात ते म्हातारं होतं,
तिसऱ्यात नुसती काळी रेती.
आज ऑक्टोबरची नऊ.
बर्फ पडायचंय, सरोवर गोठायचंय.
एप्रिलपर्यंत वेळ आहे मला.
एप्रिलपर्यंतच.