उलटं पाणी

पाच नंबरच्या ओट्यावर माझा सुरा.
काचेपलीकडे टोकन धरून गिऱ्हाइकं,
अलीकडे आम्ही नऊजण, रबरी बूट,
आणि एसी इतका, की बर्फालाही हुडहुडी भरावी.
शारजात बाहेर ऑगस्ट आहे,
हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते.
आत आलं की श्वास सापडतो, बोटं जातात.

साडेतीनला बोटिम वाजतो.
तिकडे पाच. बुरोंडीला पडवीच्या कठड्यावर
एक पाय वर घेऊन उजमा रेंज धरून बसलेली.
"अब्बा, कल्ले दाखवा. उद्या पेपर आहे,
पुस्तकात आकृती नुसती काळी छापलीय."

फोन बर्फाच्या पेटीला टेकवतो.
हामूरच्या गालावरचं झाकण अंगठ्याने उचलतो :
सकाळचाच आहे, लाल,
कुणी रेशमाचा कंगवा करून
डोक्यात लपवून ठेवावा, तसा.
"किती बारीक दाते आहेत!" ती म्हणते,
आणि मलाही ते आजच दिसतात.
रोज दोनशे उपटून फेकतो मी.

ती वाचते : पाणी तोंडातून आत,
कल्ल्यांवरून बाहेर. रक्त मात्र उलट दिशेने.
"उलट का, अब्बा?"

सातवीतून थेट होडीवर गेलेल्याला हे विचारावं?
सुरा पुसतो. पाण्याकडे बघितल्यासारखं करतो.
मग म्हणतो, बघ,
दोघं एकाच वाटेने बरोबर चालले
तर थोड्या वेळात सारखेच होतात,
एकमेकांना द्यायला काही उरत नाही.
समोरून येणारा मात्र पावलापावलाला नवा.
ती लिहून घेते. मास्तर मार्क देतील की नाही, खुदा जाणे.

काचेला नाक लावून एक पोरगा उभा आहे.
त्याच्या श्वासाचा पांढरा ठिपका
मोठा होतो, आटतो, परत मोठा होतो.
त्याची आई शेरीचे सहा मासे निवडून
माझ्या हाताकडे बघते आहे, घड्याळाकडे नाही.

"आता पचन," उजमा म्हणते. "पटकन."
सुरमईचं पोट उघडतो.
आत अर्धी विरघळलेली तारली,
डोळा गेलेला, काटा शाबूत.
आतडं आखूड, सरळ, कामापुरतं.
बाजूला सफी घेतो, शेवाळ खाणारी, तळहाताएवढी.
हिचं आतडं घड्याळाच्या कमानीसारखं वेटोळं,
हिरवट. ओढत गेलो तर येतच राहतं.
"एवढुशा माशात एवढं?"
शेवाळातून जीव काढायचा तर वाट लांबच लागते, बाय.
शेजारचा रुहुल हसतो,
त्याला मराठी येत नाही, तरी मान हलवतो.

"माणसाच्या आतड्यात रसांकुर असतात," ती वाचते,
"सगळे उलगडून पसरले
तर बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टाएवढी जागा व्हावी."
मी मोठ्याने हसतो.
सहा फूट बाय अडीचच्या खाटेवर,
आठ जणांच्या खोलीत,
मी अर्धं कोर्ट घडी घालून झोपतो तर!
काल रात्रीची डाळ, परवाचा सुका जवळा,
तुझ्या आईने लुंगीत गुंडाळून पाठवलेला,
सगळं त्या घड्यांत शिरलं,
तिथून रक्तात, तिथून या मनगटात.
हे तिला सांगत नाही. पेपरात येणार नाही.

टोकन सत्तेचाळीस.
फोन ठेवतो. शेरीची खवलं उडतात,
भुवईला चिकटतात.
आतडी डब्यात, डबा संध्याकाळी मांजरांना.

पावणेनऊला फोटो येतो : तिची आकृती.
कल्ला सुरेख काढलाय, दातेसुद्धा मोजून.
पाण्याचा बाण निळा, रक्ताचा लाल,
दोन्ही डावीकडून उजवीकडे.

ओल्या अंगठ्याने पाटी चालत नाही.
बोलून पाठवतो : एक बाण फिरव.

थोड्या वेळाने पलीकडून उत्तर येतं,
एकच शब्द :
"कुठला?"