वरातीमागून घोडं

ट्रेलर आधी घेतला.
तीस फुटी, जुना, उंदरांच्या वासाचा,
मर्लच्या चुलतभावाच्या कुरणात चार हिवाळे उभा होता.
आता तो ओढायला काहीतरी हवं, म्हणून
एप्रिलच्या या बोचऱ्या वाऱ्यात, कॅस्परच्या वेशीवर,
पिकअपांच्या रांगेत आम्ही दोघं.

विकणारा पोरगा कोल्टन. बूट कोरे करकरीत.
बोलतो सगळं मर्लशी:
"सर, हिची ताकद बघा. सर, हा टॉर्क.
घर ओढून नेईल, पायासकट."
मर्ल मान हलवतो. पक्षाघातानंतर
शब्द त्याच्याकडे उशिरा येतात,
लांबच्या टपालासारखे,
आणि तोवर कोल्टन पुढच्या गाडीपाशी पोचलेला असतो.

मी दार उघडते.
दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी चिकटवलेली असते,
मुंगीएवढ्या अक्षरांची. जाहिरातीत ती येत नाही.
तिथं लिहिलंय, ही गाडी पाठीवर किती सोसेल:
पंधराशे पौंड.
ओढणं वेगळं, सोसणं वेगळं.
आमच्या घरात हे एकालाच ठाऊक होतं,
आता दोघांना आहे.

पेट्रोलच्या पावतीमागे मी हिशोब मांडते.
ट्रेलरची मान हुकावर टेकते, तिचे बाराशे.
राहिले तीनशे.
मर्ल दोनशे तीस. (तो दोनशे दहा सांगतो.)
राहिले सत्तर.
आमची कुत्री, बिस्किट, बरोबर सत्तर.
शून्य.
"आणि मी?" मी विचारते.
कोल्टन पहिल्यांदा माझ्याकडे बघतो.
अजून बिडाचा तवा राहिला, खुर्च्या, जनरेटर,
आणि मर्लची हत्यारांची पेटी,
जी तो सगळीकडे नेतो आणि कुठंच उघडत नाही.

रांगेच्या टोकाला ती उभी होती.
पांढरी, डिझेलची, मागे जोडचाकं,
आधी कुणा मेंढपाळाची असावी, सीटच्या फटीत लोकर.
रूप म्हशीचं. चढायला पायरी हवी.
चिठ्ठी म्हणाली, पाच हजार दोनशे.
"ही जरा जड जाईल, मॅडम," कोल्टन म्हणाला,
"म्हणजे, तुम्हाला वळवायला."

सत्तावीस वर्षं मी शाळेची बस चालवली, बाळा.
चाळीस फुटी. बर्फावर. मागच्या बाकावर
लिंडक्विस्टांचे तिघे एकमेकांच्या उरावर बसलेले.
हे मी बोलले नाही. किल्ली मागितली.

चढ काय, कुणीही चढतं.
मला विचारायचं होतं ते टेन स्लीपच्या उताराबद्दल:
मागून साडेनऊ हजार पौंड ढकलत असताना
ही कुणाचं ऐकेल, त्यांचं की माझं?
गावाबाहेरच्या टेकडीवरून खाली सोडली, बटण दाबलं.
इंजिन घशातल्या घशात गुरगुरलं
आणि ब्रेकला पाय न लावता
चालीवर आलं.
बरं वाटलं. फार बरं वाटलं.

परत आल्यावर दुकानाचा गंजका ट्रेलर जोडून घेतला.
मर्ल मागे जाऊन उभा राहिला, सवयीनं,
मला वाट दाखवायला.
डावा हात आता वर येत नाही त्याचा,
म्हणून तो सगळं उजवीकडेच दाखवतो.
मी आरशात बघते, स्टिअरिंग उलट फिरवते,
मागे जाताना तसंही सगळं उलटंच असतं,
आणि त्याचा हात सांगतो त्याच्या बरोबर विरुद्ध,
दोन खांबांच्या मधोमध
ट्रेलर अलगद आत जातो.
मर्ल तळवा दाखवतो: थांब.
त्याच्या चेहऱ्यावर, त्यानंच आत घातल्याचं समाधान.

कोल्टन कागद घेऊन धावत येतो. यावेळी माझ्याकडे.
मी पेन हातात घेते.
आरशात मर्लचे ओठ हलताना दिसतात.
मी पेन खाली ठेवते. इंजिन बंद करते.
वाऱ्यात दुकानाची निशाणं फडफडत राहतात.
कोल्टन घड्याळाकडे बघतो. मी नाही.
टपाल निघालंय.

"दोन हजार," मर्ल म्हणतो.
मग बऱ्याच वेळानं,
"कमी कर."