किरकोळ

सोसायटीच्या वहीत चार रकाने:
रोहू, कतला, मिरगल,
आणि चौथा, अर्ध्या रुंदीचा, किरकोळ.
चोच्या त्या चौथ्यातही मावत नाही.
पारड्यात आडवा ठेवला
तर दोन्हीकडून बाहेर लोंबतो,
आणि छटाकाचं मापही जागचं हलत नाही.

खैरबोडीच्या पारीवर पहाटेच टेंपो लागतो,
बर्फ भरून, नागपूरकडं तोंड करून.
मोठे मासे जातात. मी आकडे लिहिते.
मग उरकुडाकाका डोंग्यातून उतरतो,
रिकामं म्हणून जाळं माझ्या पायाशी झटकतो.
ते रिकामं नसतं.
"घे वो बाई, हे तुये फुकटे."

बाकीचे कल्ल्यांनी अडकतात, पोटानं अडकतात.
हा स्वतःच्या चोचीनं.
पाण्याच्या अगदी वरच्या सालीखालून
काडीसारखा तरंगत येतो,
काडी समजून बारकी पोरं जवळ येतात मासोळ्यांची
आणि काडी तोंड उघडते.

सोडवताना ओढायचं नाही.
एकेक आस दातांवरून उतरवायचा,
लेकीच्या केसांतला गोखरू काढावा तसा.
मी कापसाकडची, मला काय ठाऊक,
पहिल्या वर्षी ओढला.
अंगठ्यात राहिलेला दात
आठ दिवस प्रत्येक सहीला बोलत होता.

साफ करणं जयतुराबाईच्या अंगणात.
ती शिकवत नाही, फक्त हात जरा हळू करते.
आधी चोच. मागं वाकवायची: कड्ड.
वाळल्या तुराटीचा आवाज, जिवंत वस्तूचा नाही.
मग राख, चुलीतली, चाळलेली,
शेपटीकडून वर घासत न्यायची;
खवले इतके बारीक
की बोटांना कळतात, डोळ्यांना नाही.
पोटाला विळी नको, नख पुरतं.
आत सरळ एक नळी
आणि एकदा त्या नळीत अख्खा झिंगा,
काचेसारखा, मिशांसकट.
मी हात मागं घेतला.
"टाक थो बी," ती म्हणाली,
"दोघंयी संगच शिजतीन."

तवा वाटोळा, मासा लांब.
तुकडे केले तर चव पळते म्हणे.
म्हणून ती शेपूट कल्ल्यात खोचते,
मासा कडं होऊन बसतो.
लसूण, मिरची, हळद, पाट्यावरची कनकी चिकटायला,
चिंच जरा जास्तच.
तेल टोरीचं.
त्याचा वास तिच्या नागपूरच्या सुनेला खपत नाही;
ती येते तेव्हा सोयाबीनचं तेल
आणि मासे तेच, पण सगळे गप्प जेवतात.

त्या दिवशी सून नव्हती.
समीक्षानं पाठीचं मांस दोन्हीकडून उतरवलं
आणि भाताच्या वर काटा धरला.
"आई, हा हिरवा काहून?"
जयतुराबाई म्हणाली, शेवाळ खाते म्हणून.
काका म्हणाला, हट, थो का शेवाळ खाते?
बांधीतल्या धानाचं पाणी उतरते त्याच्यात.
दोघांचं जुंपलं. भात निवला.
मी म्हटलं, मला माहीत नाही,
आणि पोरीनं माझ्याकडं असं पाहिलं
की पहिल्यांदाच मी काहीतरी खरं सांगितलं.

काटा धुतला तिनं, पारीवर वाळवला, मुंग्यांना हाकलत.
कंपासपेटीत मावेना.
मग पट्टी लावून मोजला,
आणि माझी वही उघडी होती.

मार्चात ऑडिटवाले साहेब आले.
आकडे जुळले, पावत्या जुळल्या,
एका पानाच्या समासावर बोट थांबलं:
चोच्या. एकवीस सेंमी. हिरवा.
"ही नोंद कसली?"
मी चष्मा पुसला.
तागडीवर मावला नाही साहेब, म्हटलं,
म्हणून लांबी लिहिली.