एसटी आधी आली

उद्यमबागेत पदमण्णा उपाध्यांच्या फौंड्रीत
लाकडी पॅटर्नच्या ढिगामागे एक काँप्युटर आहे,
दोन हजार एक सालचा. लिनक्स मीच घातलेलं.
तेव्हा पदमण्णा मला पोरी म्हणायचे,
आता बाई म्हणतात.

हुबळीच्या गिऱ्हाइकाला जुन्या पंपाचं कव्हर हवंय.
पॅटर्न वाळवीनं खाल्ला, कागद कुणी जपले नाहीत.
ड्रॉइंग उरलंय ते टेपवर,
आणि टेप ड्राइव्ह गप्प.

बसवंतानं ब्लोअर मारला.
खोक्यातून पाव किलो तरी काळी वाळू निघाली,
बेअरिंगची एक गोळी,
आणि लग्नपत्रिकेचा तुकडा, वरती मराठी, खाली कानडी.
केबल काढून घातली, टर्मिनेटर पाहिला.
"सगळं बरोबर हाय की," बसवंत म्हणाला.
कर्नलचंही तेच म्हणणं :
सहा नंबरला ड्राइव्ह आहे. जात : टेप.

दिसतो, पण वाचत नाही.
चौथीत असताना खडेबाजारातल्या पाट्यांचं
माझं असंच व्हायचं.

तासाभरानं मॉड्यूलांची यादी काढली
आणि एकटीच हसले.
या ड्राइव्हला लागतं ओएसएसटी.
त्याच्या आधी येऊन, रुमाल टाकून,
सीट धरून बसलंय साधं एसटी.
माझं म्हणतं, आणि त्याची भाषा येत नाही.

"एसटी?" बसवंतानं मान वर केली.
"का, कोगनोळीला अडवली काय परत?"

काढायला गेले तर निघेना. वापरात आहे म्हणे.
कुणाच्या?
शोधलं, तर पहाटेच्या बॅकअपचा एक टार
अकरा दिवस तिथंच ताटकळलेला,
उत्तर येईल म्हणून.
त्याला मारला. शब्दच तो आहे तिथला,
मी काय करू.

मग एसटी उतरली, ओएसएसटी चढवलं,
आणि फाइलमध्ये एक ओळ लिहिली :
आधी कोण, मागून कोण.

आधी काहीच नाही.
मग अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा खट्ट आवाज,
आणि टेप मागं धावू लागली, खूप मागं.
हिशेबाच्या टेबलावरून शिवलीलानं विचारलं, "आतु?"
"थांब," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं.

तीनशे बारा फाइली. चार गेल्या.
कव्हर मिळालं.
कोपऱ्यात अण्णू कम्मारांची टीप, इंग्रजी अक्षरांत,
कारण तेव्हा या यंत्राला दुसरी येत नव्हती,
अर्धी मराठी, अर्धी कानडी :
बीड निवताना आकसतं. शंभराला एक जास्त धर.

अण्णू जाऊन नऊ वर्षं झाली.
पदमण्णांनी ती ओळ दोनदा वाचली,
मग बसवंताला म्हणाले, लाकूड बघ, सागवान, कोरडं.

निघताना मला विचारलं,
"बंद करून चालू केलं तर राहील काय हे असंच?"
राहील, मी म्हटलं, ओळ घातली आहे.

गेटपाशी जाऊन परत आले.
तरी आज बंद करू नका.