अडीचचा खांब

मासेरूहून दोन दिवस, शेवटचे सहा तास तट्टावर.
हा-सेखोबेचा दवाखाना म्हणजे दगडी दोन खोल्या.
माखोत्सो नर्सनं जन्माची वही ज्वारीच्या डब्यावरून काढली,
ब्लँकेटच्या टोकानं पुसली.
"घ्या. मागलं वर्ष."

त्रेसष्ट नावं.
दोघांसमोर वजनाच्या जागी नुसती आडवी रेघ.
मी विचारलं नाही.
तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं : नोंद नाही, दोन.

उरलेली एकसष्ट, लहानापासून मोठ्यापर्यंत
ओळीत उभी केली, शाळेत प्रार्थनेला करतात तशी.
सर्वांत पुढे एक किलो चारशे,
सर्वांत मागे चार किलो दोनशे,
आणि मधोमध एकतिसावी, लिनेओ नावाची मुलगी.
तीस तिच्या अलीकडे, तीस पलीकडे.
तिला काय कल्पना, आपण या डोंगराचा मध्यक आहोत.
सरासरी आली दोन किलो आठशे सत्तर.
तेवढं भरलेलं एकही मूल वहीत नव्हतं.

मग ताळ्याच्या खुणा. चार काड्या उभ्या, पाचवी आडवी.
तीनवर सहा. दोन-सातवर चार.
अडीचवर आलो आणि काड्या संपेनात.
पाच. दहा. चौदा.
शेजारी दोन-चारवर शून्य. दोन-तीनवर शून्य.
कागदावर एकच खांब उंच गेलेला
आणि त्याच्या डाव्या अंगाला
पडलेल्या दाताची जागा.

मापात पाप, मी मनात म्हटलं.
आयांची पोटं अशी ठरवून कुठं
बरोबर अडीचवर थांबतात?
खुणा महिन्यांनी वेगळ्या केल्या.
चौदांतल्या अकरा, जून ते ऑगस्ट.
बर्फाचे महिने.

नियम मला पाठ होता, आमच्याच खात्यानं छापलेला :
अडीचच्या खाली भरलं तर मोठ्या इस्पितळात पाठवा.
मोठं इस्पितळ खिंडीच्या पलीकडे.

शेगडीत शेण्या सारताना ती बोलली, माझ्याकडे न बघता.
"त्याच्या आधीच्या हिवाळ्यात दोघांना पाठवलं होतं, नियमानं.
आया परत आल्या."
एवढंच.
मग दुसऱ्या खोलीचं दार उघडून दाखवलं :
दोन खाटा, चूल, खुंटीवर जाड ब्लँकेटं.
इथं ठेवायची ती, आईच्या उघड्या छातीशी बांधून,
तीन-तीन आठवडे, रात्री उठून पाय चाचपत.
"काटा कुठं थांबायचा ते मी ठरवते," ती म्हणाली,
"तुमच्या कागदाला सांगू नका."

गोवराच्या लसीची वही मीच मागितली.
चौदांतली तेरा आलेली होती, दंडावर टोचून, रडून गेलेली.
चौदावा त्सेलिसो.
सांत्वन असा अर्थ. आधीचं मूल गेलं की ठेवतात.
मी बोट ठेवलं तशी ती खाली बसली.
"तो एप्रिलचा. खिंड उघडी होती.
हाताला सवय लागली होती हो."

रात्रभर कंदिलाखाली तक्ता तसाच.
खांब छाटावा तर चौदा मुलं कुठं ठेवू?
ठेवावा तर मासेरूत कुणीतरी लाल पेन उचलेल,
आणि पुढच्या जूनमध्ये
कुणीतरी तट्टावर चढेल, कुशीत गाठोडं घेऊन.
प्रमाण विचलन काढलं, दोनदा, तेच आलं.
शेवटी खांब उंचच ठेवला, रिकामी जागा रिकामी,
आणि खाली, आडव्या रेघांच्या त्या दोघांशेजारी, एक टीप :
खिंड बंद असता नियम लागू कसा करावा?
टिपा कुणी वाचत नाही, हे मला ठाऊक आहे.

सकाळी तट्टूवाला लेबुसा वजनावरून कुरकुरला.
तिनं हसत माझ्या वह्या बाळाच्या झोळीत घातल्या
आणि झोळी काट्याला अडकवली.
दारातून वारा. काटा अडीचच्या थोडा अलीकडे,
थोडा पलीकडे.
"लिहा," ती म्हणाली.
मी पेन्सिल काढली.
काटा अजून हलत होता.